नवसागराचा धूर आणि काळी जमीन



तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा कारागीर आतां क्वचितच दिसतो. पोलादी भांड्यांनीं त्याचा धंदा बहुतेक बसविला. तथापि अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, या शहरांत तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यवसाय फार जुना असल्यामुळें तेथील वयस्क गृहिणींना कल्हईवाल्याचा भाता, निखाऱ्यांवर तापलेलें पातेलें, त्यांत टाकलेली नवसागराची चिमूट आणि तिच्याबरोबर उठणारा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर यांचें स्मरण खात्रीनें असेल. त्या धुरांत रसायनशास्त्राचा एक मनोरंजक प्रश्न दडलेला आहे आणि त्याच प्रश्नाशीं या जिल्ह्यांतील ऊस, गहूं व कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या जमाखर्चाचा निकट संबंध आहे. तो प्रश्न असा कीं, अमोनिया हें आम्ल कीं अल्क?

नवसागर म्हणजे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या संयोगानें झालेला क्षार. तापलेल्या धातूचा स्पर्श होतांच तो दुभंगतो आणि त्याचे दोन्ही घटक वायुरूपानें मोकळे होतात. त्यांपैकीं आम्ल भांड्यावर चढलेला काळा थर खाऊन टाकतें आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ धातूवर कथील सहज पसरतें. काम आटोपून दोन्ही वायु वर आले व निवाले, कीं ते पुन्हां एकत्र येतात आणि नवसागराचे अतिसूक्ष्म कण हवेंत तरंगूं लागतात. पांढरा धूर तो हाच. एका चिमटींत आम्ल आणि त्याला शमविणारें अल्क अशीं दोन्ही नांदत असतात. उष्णता त्यांची ताटातूट करते आणि थंडावा त्यांचा समेट घडवून आणतो.

या अल्काची ओळख घरच्या घरीं करून घेतां येते. पांढऱ्या कागदाच्या पट्टीला हळदीचें पाणी लावून ती वाळवावी. एका लहान बाटलींत नवसागराची पूड आणि पानाला लावावयाचा ओला चुना एकत्र करावा. बाटलीला नाक मात्र लावूं नये. हळदीची पट्टी किंचित् ओली करून बाटलीच्या तोंडावर नुसती धरली तरी ती तांबूस होते. चुन्यानें नवसागरांतील अमोनिया हांकलून दिला आणि त्या वायूनें, चुना जें हळदीला करतो तेंच, दुरून केलें. हळदीचें कुंकू अल्काच्या योगानें होतें हें ज्या घरांत ठाऊक आहे, तेथें याचें आश्चर्य वाटणार नाहीं. आश्चर्य पुढेंच आहे. ती पट्टी मोकळ्या हवेंत थोडा वेळ ठेवली असतां तांबूसपणा नाहींसा होऊन ती पुन्हां पिवळी होते. प्रत्यक्ष चुन्याचा डाग असा लवकर जात नाहीं. अमोनिया हें उडून जाणारें अल्क आहे आणि चुना हा त्याला घराबाहेर काढणारा आहे. या दोन गोष्टी श्रोत्यांनीं लक्षांत ठेवाव्यात, कारण पुढें शेतांत त्याच भेटावयाच्या आहेत.

इंग्लंडांतील जोसेफ प्रीस्टले यानें १७७४ च्या सुमारास हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. नवसागर व चुना एकत्र तापवून निघालेला वायु त्यानें पाण्यावर न धरतां पाऱ्यावर धरला. पाण्यावर धरणें शक्यच नव्हतें. साधारण तापमानाला एक लिटर पाणी सुमारें ७०० लिटर अमोनिया वायु गिळून टाकतें. प्रीस्टलेनें त्याला ‘अल्कधर्मी हवा’ असें नांव दिलें. पुढें १७८५ सालीं फ्रान्समधील बर्थोले यानें या वायूंत नत्र आणि हायड्रोजन हीं दोनच मूलद्रव्यें आहेत असें सिद्ध केलें. नत्राचा एक अणु आणि हायड्रोजनचे तीन अणु, इतकाच हा संसार.

येथें विचारवंतांपुढें अडचण उभी राहिली. त्या काळानंतर जी व्याख्या रूढ झाली, तिच्याप्रमाणें जें पाण्यांत हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजन यांची ऋणभारित जोडी, सोडतें तें अल्क. अमोनियाच्या अंगीं तर ऑक्सिजनचा एकही अणु नाहीं. जें जवळ नाहीं तें तो देणार कोठून? हें कोडें १९२३ सालीं सुटलें. कोपनहेगन येथील ब्रन्स्टेड आणि केंब्रिज येथील लाउरी या दोघांनीं, एकमेकांशीं सल्लामसलत न करतां, एकच विचार मांडला. हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन निघून गेला म्हणजे जो धनभारित गाभा उरतो त्याला प्रोटॉन म्हणतात. जें प्रोटॉन देतें तें आम्ल आणि जें घेतें तें अल्क, अशी त्यांनीं सुटसुटीत व्यवस्था लावली. आम्लता म्हणजे देणें आणि अल्कता म्हणजे घेणें. देणारा असल्याशिवाय घेणारा नाहीं आणि घेणारा असल्याशिवाय देणाऱ्यालाही अर्थ नाहीं.

अमोनियाच्या नत्राजवळ इलेक्ट्रॉनांची एक जोडी कोणाशींही न बांधलेली अशी मोकळी असते. प्रोटॉन येऊन बसण्याची जागा तीच. पाण्यांत शिरलेला अमोनिया पाण्याकडूनच प्रोटॉन घेतो. स्वतः अमोनियम होतो आणि मागें राहिलेलें पाणी हायड्रॉक्सिल बनतें. म्हणजे हायड्रॉक्सिल अमोनियाच्या पदरचें नसून पाण्याच्या पदरचें असतें. मात्र हा घेणारा फारसा हावरा नाहीं. प्रयोगशाळेंतील सौम्य द्रावणांत अमोनियाच्या शंभर रेणूंपैकीं एखादाच रेणु कोणत्याही क्षणीं प्रोटॉन बाळगून असतो. उरलेले तसेच मोकळे हिंडत असतात. म्हणूनच अमोनियाला सौम्य अल्क म्हणतात आणि म्हणूनच बाटली उघडतांच तो मोकळा वायु नाकांत शिरतो.

बर्फाच्या व दूध थंड करण्याच्या कारखान्यांतून अमोनिया शीतक म्हणून वापरला जातो. तेथील जुने कामगार नळीची गळती शोधण्यासाठीं जळत्या गंधकाची कांडी सांध्याजवळ फिरवीत. गंधकाच्या धुरांतील आम्ल आणि गळणारा अमोनिया एकत्र आले कीं, पांढरा धूर उठून चोर सांपडे. कल्हईवाल्याचा धूर आणि हा धूर एकाच कुळांतले. या वायूची भूक पाण्याची असल्यामुळें मोठी गळती झाल्यास डोळे व घसा यांनाच तो प्रथम धरतो. अशा वेळीं नाकातोंडावर ओला कपडा धरून वाऱ्याच्या रोखाला आडवें निघून जावें आणि डोळ्यांत वायु गेला असल्यास भरपूर स्वच्छ पाण्यानें निदान पंधरा मिनिटें डोळे धुवून वैद्यकीय मदत घ्यावी. अल्काला आम्लानें मारावें या समजुतीनें डोळ्यांत किंवा अंगावर लिंबू वा शिरका कधींही घालूं नये.

येथपर्यंत अमोनिया घेणारा दिसला. पण तो कधीं देतही असेल काय? होय, देतो, मात्र त्यासाठीं सोबती तसा भेटावा लागतो. शून्याखालीं सुमारें ३३ अंशांपर्यंत थंड केल्यावर अमोनिया पाण्यासारखा द्रव होतो. त्यांत सोडियम धातूचा तुकडा टाकला तर प्रथम सुंदर निळें द्रावण होतें. त्यांत लोखंडाचा अंश असल्यास निळा रंग जाऊन हायड्रोजन वायु सुटतो आणि सोडामाइड नांवाचा पदार्थ तयार होतो. अमोनियाच्या तीन हायड्रोजनांपैकीं एकाची जागा सोडियमनें घेतली. पाण्याशीं सोडियमची गांठ पडली असतां जें घडतें, त्याचेंच हें भावंड. येथें अमोनियानें आम्लाचें काम केलें. ही केवळ शाळेंतील गंमत नव्हे. १९०१ पासून कृत्रिम नीळ तयार करण्याच्या कामीं सोडामाइडाचा उपयोग होऊं लागला आणि जर्मन कारखान्यांच्या या स्वस्त निळीपुढें हिंदुस्थानांतील निळीची शेती टिकली नाहीं.

तात्पर्य, पाण्याजवळ उभा केला तर अमोनिया अल्क आणि सोडियमजवळ उभा केला तर आम्ल. ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला, अशी म्हण आहे. अमोनियाचें वाण कोठेंही तेंच राहतें. गुण मात्र शेजाऱ्याप्रमाणें पालटतो. तेव्हां आम्ल कीं अल्क या प्रश्नाला, तो कोणाच्या शेजारीं आहे, असा उलट प्रश्न विचारणें हेंच योग्य उत्तर होय.

आतां हाच शेजार नगर जिल्ह्याच्या शेतांत पाहावयाचा. या जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रीचे उंच डोंगर आहेत. तेथील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांनीं खालच्या मैदानांत बारमाही पाणी खेळूं लागलें. पाण्यामागून ऊस आला. १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. १९६८ सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठही याच जिल्ह्यांत, राहुरी येथें आहे. बागाईत वाढली तशी रासायनिक खतांची पोतीं वाढलीं आणि त्या पोत्यांत सर्वांत मोठा वाटा युरियाचा.

या मैदानांतील काळी जमीन बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली आहे. डोंगरावरील मुसळधार पाऊस जमिनींतील चुना धुवून नेतो. मैदानांत पाऊस तुटपुंजा, म्हणून चुना तेथेंच सांचतो. नांगरतांना जे पांढरे खडे वर येतात ते चुनखडीचेच. अशा जमिनीचा सामू, म्हणजे आम्लता व अल्कता मोजण्याचा आंकडा, बहुधा आठच्या आसपास असतो. सात म्हणजे मध्यम. त्याखालीं आम्लता, त्यावर अल्कता. जेथें कालव्याचें पाणी अतोनात दिलें गेलें आणि निचरा झाला नाहीं, तेथें जमीन खारवट किंवा चोपण झाली. चोपण जमिनीचा सामू साडेआठाच्याही पुढें जातो.

आतां युरियाचा दाणा या जमिनीवर पडला म्हणजे काय होतें? युरिया स्वतः अमोनिया नव्हे. ओल मिळाली कीं, मातींतील सूक्ष्म जंतूंनीं निर्माण केलेलें युरिएज नांवाचें विकर त्याचें दोनचार दिवसांत अमोनिया व कार्बनी वायु यांत रूपांतर करतें. या घडामोडींत दाण्याभोंवतालच्या मातीचा सामू कांहीं काळ नऊच्या घरांत चढतो. आता प्रोटॉनच्या देवघेवीचा हिशोब पाहावा. सामू ७ असलेल्या पाण्यांत अमोनियमच्या हजार कणांपैकीं सहाच आपला प्रोटॉन सोडून मोकळा अमोनिया होतात. सामू ८ झाला कीं, शंभरांत पांच. साडेआठ झाला कीं, शंभरांत पंधरा. आणि सव्वानवावर निम्मे. हे आंकडे २५ अंश तापमानाचे आहेत. ऊन वाढलें कीं, प्रमाणही वाढतें. प्रोटॉन जवळ असेपर्यंत अमोनियम हा क्षाराचा भाग आहे, जमिनींत राहणारा आहे. प्रोटॉन सोडला कीं, तो वायु झाला आणि वाऱ्याबरोबर निघून गेला. जो चुना बाटलींत नवसागरांतून अमोनिया हांकलीत होता, तोच येथें चुनखडीच्या रूपानें मातींत बसलेला आहे. हळदीच्या पट्टीवरून तांबूस रंग उडाला, तसें शेतावरून नत्र उडतें.

याचा अर्थ रुपयांत सांगावयाचा तर असा. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यांत शेंकडा ४६ या प्रमाणानें जवळजवळ २१ किलो नत्र असतें. उन्हाच्या दिवसांत, ओलसर जमिनीवर युरिया नुसता फेकला आणि वर पाणी दिलें नाहीं, तर त्याचा चौथा हिस्सा हवेंत जाणें मुळींच अशक्य नसतें. म्हणजे पोत्यामागें पांच किलो नत्राचा तोटा. शेतकऱ्याला पीक पिवळें दिसतें; तो आणखी एक पोतें आणतो आणि तेंही त्याच रीतीनें फेकतो. युरियावर सरकार मोठें अर्थसाहाय्य देत असल्यामुळें हा तोटा एकट्या शेतकऱ्याचा राहत नाहीं. शहरांत बसून कर भरणाराही त्यांत भागीदार असतो. शिवाय उडालेला अमोनिया हवेंतील धुराच्या आम्लांशीं संयोग पावून पुन्हां सूक्ष्म पांढरे कण बनवितो आणि ते श्वासाबरोबर फुफ्फुसांत जातात. कल्हईवाल्याचा धूर असा शहरावर पसरतो. त्यानें कोणाचें भांडें मात्र उजळत नाहीं.

कोणी म्हणेल, युरियाऐवजीं अमोनियम सल्फेट वापरावें. तें तर आम्लधर्मी. पण चुनखडीच्या जमिनीवर नुसतें पसरलें असतां त्यांतील सल्फेट चुन्याशीं मिळून जिप्सम बनतें आणि सुटा पडलेला अमोनिया वायुरूपानें निघून जाऊं शकतो. दोष खताच्या जातींत शोधण्यापेक्षां त्याला कोठें ठेवलें यांत शोधला पाहिजे.

आणि येथेंच काळ्या जमिनीचा दुसरा गुण मदतीला येतो. तिच्यांतील चिकणमातीचे कण ऋणभारित असतात आणि धनभारित अमोनियमला ते घट्ट धरून ठेवतात. पृष्ठभागावर जी जमीन अमोनियाला हांकलून देते, तीच दोनचार बोटें खालीं त्याला संभाळून घेते. चार बोटें मातीखालीं सुटलेला अमोनिया वर येतां येतां ओलाव्याला आणि चिकणमातीला भेटतो, प्रोटॉन घेतो आणि तेथेंच थांबतो. म्हणून युरिया सरींत किंवा पिकाच्या ओळीजवळ पेरून मातीआड करावा. तें शक्य नसेल तर टाकल्यानंतर लगेच बेताचें पाणी देऊन तो आंत उतरवावा. सर्व मात्रा एकदम न देतां हप्त्याहप्त्यानें द्यावी. ठिबक असल्यास त्यांतून विरघळवून द्यावी. पाणीही बेताचेंच हवें. कारण जमिनींत राहिलेल्या अमोनियमचें पुढें जंतूंच्या द्वारें नायट्रेट होतें आणि नायट्रेट ऋणभारित असल्यामुळें जास्त पाण्याबरोबर तें खालीं विहिरीकडे वाहून जातें.

या दुसऱ्या टप्प्यांत आणखी एक चमत्कार घडतो. अमोनियमचें नायट्रेट होतांना त्यांतून प्रोटॉन बाहेर पडतात, म्हणजे आम्ल निर्माण होतें. ज्या दाण्यानें पहिल्या आठवड्यांत माती अल्कधर्मी केली, तोच पुढील आठवड्यांत तिला आम्लाकडे नेतो. नगरच्या जमिनींतील चुना हें आम्ल सहज पचवितो. कोंकणांतील तांबड्या, चुना नसलेल्या जमिनीला मात्र तें वर्षानुवर्षें जाचूं शकतें. २०१५ पासून देशांतील युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणें सक्तीचें झालें. तो लेप हा नायट्रेटचा टप्पा मंदावतो. पण पहिल्या टप्प्यांतील वायुरूप हानि त्यानें टळत नाहीं. लेप आहे म्हणून खत उघड्यावर फेकलें तरी चालेल, ही समजूत म्हणून सोडून द्यावी.

शेणखताच्या बाबतींतही हाच नियम आहे. गोठ्यांत पहाटे नाकाला झोंबणारा जो दर्प येतो, तो गोमूत्रांतील युरियापासून सुटलेला अमोनियाच होय. उकिरड्यावर चुलींतील राख नित्य टाकण्याची चाल कित्येक घरीं आहे. राख अल्कधर्मी असल्यामुळें ताज्या शेणामुत्रांतील अमोनियाला ती चुन्याप्रमाणेंच बाहेर काढते. ती वेगळी सांठवून शेतांत वेगळी टाकावी. उलट जिप्सम किंवा सुपरफॉस्फेट गोठ्यांत भुरभुरलें तर अमोनिया क्षाररूपानें अडकून राहतो. धनगराच्या मेंढ्या रात्रीं शेतांत बसविल्यावर दुसऱ्याच दिवशीं कुळवाची पाळी घातली, तर लेंडीमुतांतील नत्र मातीआड होऊन टिकतें; चार दिवस उन्हांत ठेवलें, तर मेंढ्या बसविल्याचा अर्धा लाभ वारा घेतो.

चोपण झालेल्या जमिनींत हें सर्व अधिकच काळजीनें करावें लागतें. अशा जमिनीला प्रथम निचरा हवा, मग तपासणीप्रमाणें जिप्सम आणि भरपूर सेंद्रिय खत हवें. त्यावांचून नत्राचीं पोतीं ओतणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरण्यासारखें आहे. मातीचा सामू तपासून घेण्यास फार खर्च येत नाहीं. पाव किलो माती पुडींत बांधून तपासणीस धाडली, तर पुढील हंगामांत कोणतें खत, किती आणि कोणत्या खोलीवर, हें ठरविण्यास भक्कम आधार मिळतो.

शहरांतील श्रोत्यांना ही शेतीची वार्ता दूरची वाटण्याचें कारण नाहीं. त्यांच्या ताटांतील पोळी, चहांतील साखर आणि वाटींतील दूध यांच्यामागें अमोनियाचा एखादा रेणु प्रोटॉन धरून किंवा सोडून उभा असतोच. ज्यांची वाडवडिलार्जित जमीन गांवीं भाऊबंद कसतात, अशा घरांची तर शहरांत वाण नाहीं. त्यांनीं सुटींत गांवीं जातांना हळदीची एक पट्टी बरोबर न्यावी आणि नुकताच युरिया टाकलेल्या ओल्या मातीवर भांडें पालथें घालून त्याखालीं, मातीला न लागेल अशी, ती ओलसर ठेवून पाहावी. दोनतीन दिवसांत पट्टी तांबूस झाली, तर पैसा कोठें जात आहे हें भावाला शब्दांनीं सांगावें लागणार नाहीं. मग औत थोडें खोल चालवावयाचें कीं पाण्याची पाळी लौकर द्यावयाची, हें दोघांनीं बांधावर बसून ठरवावें.